शिसं आणि पोलाद यांच्या मधे मी

सन दोन हजार चार. फेब्रुवारीचा पहिला आठवडा. थंडी सरत आली होती, पण पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी माणसांच्या तोंडातून अजून वाफ निघत होती. त्या आठवड्यात, भट्टीतल्या एका लोखंडी पेटीत, माझा जन्म झाला.

मी मुलामा बोलतोय. पोलादाच्या नळीवरचा मुलामा. माझी जाडी डोक्याच्या केसाएवढीही नाही. मी शिकलेलो नाही. जे कळलं ते भट्टीच्या दाराशी कळलं आणि उरलेलं शिशाच्या पोटात. कमी बोलतो. खोटं बोलत नाही. आज एका काळ्या चकतीत बसून आहे, काचेच्या कपाटात. इथे कसा आलो तेवढं सांगतो.

सोन्याचा मुलामा सगळ्यांना माहीत असतो. त्याचं काम दिसणं. माझं काम मधे उभं राहणं. एका बाजूला पोलाद, दुसऱ्या बाजूला वितळलेलं शिसं. दोघांची गाठ पडू द्यायची नाही. बस्स.

का, ते सांगायला हवं. नव्या तऱ्हेच्या अणुभट्टीत आतली उष्णता बाहेर आणायला पाण्याऐवजी वितळलेलं शिसं फिरवावं, असं काही शहाण्या माणसांच्या मनात आहे. विचार वाईट नाही. शिसं सहजी उकळत नाही. पेटत नाही. उष्णता घेऊन निमूट वाहतं. पण त्याला एक खोड आहे. ते पोलाद खातं. चावून नाही, चोखून. पोलादातलं निकेल त्याला फार आवडतं. आधी निकेल ओढून घेतं, मग निकेलच्या रिकाम्या जागेत स्वतः जाऊन बसतं. वरून नळी नळीच दिसते. आतून तिची चाळण झालेली असते.

शिसं वैरी आहे असं मी म्हणणार नाही. त्याचा स्वभाव तो आहे. पण घरात स्वभाव ओळखूनच माणूस घ्यावा लागतो आणि दार कुठे लावायचं ते आधी ठरवावं लागतं. ते दार म्हणजे मी.

माझी कृती बाईंची, हात भट्टीवाल्यांचा. बाई म्हणजे धातूंचा अभ्यास केलेल्या बाई. शेडमध्ये सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. कोपरावर जळून भोक पडलेला एक स्वेटर त्या वर्षभर घालत. भट्टीवाले म्हणजे भट्टी सांभाळणारे म्हातारे गृहस्थ. निवृत्तीला आलेले, ताठ, मोजकं बोलणारे. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. बाई त्यांना काका म्हणत.

एका लांब नळीतून बोटाएवढे तुकडे कापले होते. पेटीत पांढरी भुकटी भरली. तीत ॲल्युमिनियमची करडी भुकटी मिसळली आणि चिमूटभर नवसागर घातला. त्यात तुकडे पुरले. झाकण ठेवून कडेनं ओली माती लिंपली. पेटी भट्टीत सरकवली.

आत काय झालं ते मी सांगतो, कारण आत मीच होतो. नवसागराची वाफ झाली. त्या वाफेनं ॲल्युमिनियम उचललं आणि पोलादाच्या अंगावर नेऊन ठेवलं. ॲल्युमिनियम आत शिरू लागलं. परका माणूस दाराशी आला की कुणीही आधी कडी लावतो. पोलादानं लावली नाही. उलट आपल्या अंगातलं लोखंड वर पाठवलं. ते लोखंड आणि हे ॲल्युमिनियम मिळून मी झालो.

म्हणजे मी वरून डकवलेला नाही. अर्धा मी त्याच्याच अंगाचा आहे. त्यानं आपलं काढून मला दिलं, तेव्हा मी मी झालो. ते देणं जन्मापासून माझ्या डोक्यावर होतं.

पेटी उघडली. भुकटी झटकली. मग भट्टीवाल्यांनी मला पुन्हा भट्टीत घातलं, या वेळी पेटीशिवाय, उघड्या हवेत. माझ्यातल्या ॲल्युमिनियमनं हवेतला प्राणवायू घेतला आणि तापल्या दुधावर साय धरावी तशी माझ्या अंगावर साय धरली. ही साय माझ्यापुढेही काहीच नाही, इतकी पातळ. पण माझं बळ तीच. शिशाला ती ओलांडता येत नाही. कुठे फाटलीच, तर खाली माझ्यात ॲल्युमिनियमचा साठा असतो. त्यातून नवी धरते.

दिसायला मात्र मी मळका झालो. राखेत लोळून आल्यासारखा. त्याचं मला काही नव्हतं. भट्टीवाल्यांनी मला उजेडात धरलं, सगळीकडून फिरवलं आणि म्हणाले, "जमलाय." एवढीच शाबासकी. ती मला पुरली.

माझ्या जोडीचा एक तुकडा बाईंनी लगेच कापून तपासला. त्यात सगळं ठीक निघालं. त्यामुळे शिशात जायला मी एकटा उरलो.

त्याच सुमारास मोठे साहेब भट्टीपाशी आले. शेजारच्या दालनात त्यांनी नवं यंत्र बसवलं होतं. ते निर्वात पेटीत सोनेरी रंगाचा मुलामा चढवायचं. भुकटी नाही, माती नाही, धूर नाही.

"काका," साहेब म्हणाले, "पेटीचा प्रकार जुना झाला आता."

"मीही जुनाच आहे," भट्टीवाले म्हणाले.

"रागावू नका. दोन्ही मुलाम्यांचे तुकडे शिशात घालू. तुमचा धड निघाला तर भट्टी चालू राहील. नाही निघाला तर भट्टी उतरवायची आणि जागा त्या यंत्राला द्यायची."

"धड म्हणजे कसा?"

"आतलं पोलाद शाबूत हवं."

"चालेल," भट्टीवाले म्हणाले आणि पेटी झाडायला वळले.

भट्टी उतरवायची म्हणजे तिच्या विटा काढायच्या. त्या विटा भट्टीवाल्यांनी तरुणपणी स्वतः रचल्या होत्या. हे त्यांनी साहेबांना सांगितलं नाही. मला माहीत होतं, कारण रोज संध्याकाळी भट्टी निवताना ते तिच्या भिंतीला पाठ टेकून बसत आणि तिच्याशीच बोलत. घरी जायची त्यांना घाई नसे.

आता आरशाबद्दल. त्याच्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकत नाही.

आरसा हे टोपणनाव. हा माणूस पॉलिशखात्यात होता. फिरत्या चाकावर धातू असा घासायचा की त्यात तोंड दिसावं. तो भट्टीवाल्यांचा साडू. थोरली बहीण यांच्या घरी, धाकटी त्याच्या घरी. दोघी बहिणींचं येणंजाणं रोजचं. पुरुष एकाच शेडमध्ये.

भट्टीचं दार जड, आतून विटा भरलेलं. साखळीनं वर ओढायचं. काही वर्षांपूर्वी ती साखळी तुटली. आरसा तेव्हा उघड्या भट्टीपुढे वाकून, सांडलेले खिळे वेचत होता. भट्टीवाल्यांनी येतं दार हातानं पेललं. मोजे घालायला वेळ नव्हता. आरसा सुटला. हात भाजला तो भाजलाच. दोन बोटं वाकायची थांबली.

त्या दिवसापासून आरसा देणं फेडत होता. फेडायची त्याला एकच रीत ठाऊक होती. घासणं. त्यानं भट्टीवाल्यांचा डबा घासला. पट्ट्याचं बक्कल घासलं. चष्म्याच्या काड्या घासल्या. त्यांच्या सायकलची घंटा तर इतकी चमकायची की कावळे येऊन तीवर चोच मारून जात.

"दादा, डब्याचं झाकण बघितलंत? त्यात बघून दाढी होईल."

"डब्यात मी जेवतो. दाढी घरी करतो."

"तुमचं देणं काही फिटत नाही हो."

"देणं कसलं? दार पडत होतं, धरलं. तुझ्या जागी कुत्रं असतं तरी धरलं असतं."

"ते खरं, दादा. पण कुत्र्याची बायको तुमची मेहुणी नसती."

शेडमधले हसत. भट्टीवाले हसत नसत. त्यांना ते बोलणंच नको असे. मला वाटतं, दोघांचंही चुकत होतं. एक देणं आहे म्हणून पाठ सोडत नव्हता. दुसरा देणंच नाही म्हणून त्याला मोकळं करत नव्हता. जे नाहीच ते फिटणार कसं?

शिशात जायच्या आदल्या दिवशी आमचे तुकडे बघायला बाहेरून पाहुणे येणार होते. पांढरं कापड अंथरून एका ताटात आम्हा तिघांना मांडलं. वितळलेलं शिसं ज्यात फिरवायचं त्या नळात जागा तिघांनाच होती. पहिला उघडा. हा माझा सख्खा भाऊ, त्याच नळीतून कापलेला, पण त्याला काहीच लावलं नव्हतं. मुलाम्यानं काय केलं हे कळायला एकानं मुलाम्याशिवाय जावं लागतं. ते काम त्याच्या वाट्याला आलं. त्यानं कुरकुर केली नाही. दुसरा सोनेरी. खरंच देखणा. तिसरा मी.

जेवणाची सुट्टी झाली. शेड रिकामी झाली. आरसा ताटावरून जाताना थांबला. सोनेरीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. चुक् चुक् केलं. मग मला उचललं.

त्याच्या मनात काय होतं ते मला त्याच्या बोटांवरून कळलं. बोटं प्रेमाची होती. साडूची इज्जत पाहुण्यांपुढे जाऊ नये, एवढंच. त्यानं चाक सुरू केलं.

मी ओरडू शकत नाही. साय आधी गेली, एका फेऱ्यात. मग माझं अंग झिजू लागलं. एका टोकाला चाक जास्त दाबून बसलं. पोलाद खाली गप्प होतं. त्याला बहुतेक कळलंच नाही की त्याच्या डोक्यावरचं छप्पर उतरतंय. आरशानं फडक्यानं पुसून मला ताटात ठेवलं. मी लखलखत होतो. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

भट्टीवाले जेवून आले. ताटाशी उभे राहिले. 

"हे कुणी केलं?"

आरसा फडक्याला हात पुसत पुढे आला. चेहरा उजळलेला. "पाहुण्यांपुढे तो सोनेरी नवरदेवासारखा आणि आपला बिचारा राखेतून काढल्यासारखा. बरं दिसतं का? मळ काढला सगळा."

"तो मळ नव्हता."

"मग काय होतं?"

"त्याच्याजवळ जे काही होतं ते तेवढंच होतं."

आरशाच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्याला साय कळली नसेल, पण साडूचा आवाज कळला. तो एकदा ताटाकडे बघे, एकदा भट्टीकडे. भट्टीचं काय होणार होतं ते शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

बाई धावत आल्या. भिंग लावून त्यांनी मला बघितलं. जाडी मोजायच्या यंत्राचं टोक अंगावर ठिकठिकाणी टेकवलं. साहेबही आले.

"वरची साय गेलीय," बाई म्हणाल्या. "खालचा साठा आहे. पण या टोकाला निम्माच उरलाय."

"मग हा बाद करा," साहेब म्हणाले. "त्याची जागा रिकामी ठेवू."

"रिकामी जागा म्हणजे न लढता हरणं झालं, साहेब. तुकडे आत घालून नळ उद्या सकाळी बंद होणार. आत्ता दुपार आहे. मी याला पुन्हा हवेत तापवते. साठा आहे तोवर साय धरेल."

"आणि ते पातळ टोक?"

बाईंनी स्वेटरच्या भोकात बोट घालून ते फिरवलं. विचार करताना त्यांची ती सवय होती.

"जे झालं ते पाहुण्यांनाही सांगते. लपवाछपवी नको. आणि बाहेर निघाल्यावर कापायचं ते त्याच टोकाला कापू. तिथे टिकलं तर कुठेही टिकेल. तिथे नाही टिकलं, तर तुम्ही म्हणाल ते."

साहेबांनी भट्टीवाल्यांकडे बघितलं. "काका, मान्य?"

भट्टी त्यांची जाणार होती. कापायला सोपी जागा ते मागू शकले असते.

"मान्य," ते म्हणाले.

भट्टी पेटलेलीच होती. आरसा कोपऱ्यात उभा होता, मान खाली घालून. ती साखळी तुटल्यापासून तो भट्टीच्या जवळ कधी गेला नव्हता. चार पावलं लांब उभा राहूनच थट्टा करायचा.

"आरशा," भट्टीवाले म्हणाले, "इकडे ये. साखळी धर."

"मी?"

"मग काय सायकलच्या घंटेला सांगू?"

आरसा आला.  त्यानं साखळी ओढली, दार वर गेलं, उष्णतेचा लोट त्याच्या तोंडावर आला. तो मागे सरला नाही. भट्टीवाल्यांनी लांब चिमट्यानं मला आत ठेवलं. दार खाली आलं. दोघे बाजूबाजूला उभे राहिले. 

आत मला पुन्हा साय धरली. सगळीकडे धरली. पातळ टोकालाही धरली, पण तिथे खालचा साठा थोडा होता. एकदा फाटली तर पुन्हा धरेल. दुसऱ्यांदा फाटली तर माझा मलाच भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिशात गेलो.

शिशाचा नळ म्हणजे एक मोठा लोखंडी वेढा. पंप शिसं ढकलतो, ते गोल गोल वाहतं. आत उजेड नाही. दिवस नाही, ऋतू नाही. फक्त जडपणा आणि धग. शिसं अंगावरून जातं तेव्हा कुणीतरी पाठीवरून सावकाश हात फिरवतंय असं वाटतं. तो हात कुठे काही सैल आहे का, तेच चाचपत असतो.

बाई वरून शिशाला श्वासापुरता प्राणवायू देत. जास्त दिला तर शिशाचाच गाळ होतो. कमी दिला तर माझी साय उपाशी राहते. तो मेळ त्या सांभाळत होत्या. वेढ्याच्या भिंतीतून त्यांचा आवाज कधीकधी यायचा. त्या गुणगुणत. सूर बरा नव्हता, पण ऐकून बरं वाटायचं.

उघडा माझ्या पुढेच होता. सुरुवातीला म्हणाला, "काही नाही रे. जरा हलकं वाटतंय."

हलकं वाटतंय, एवढ्यावरून मी ओळखलं. निकेल निघालं होतं.

काही काळानं म्हणाला, "गार वाटतंय आतून." त्या धगीत गार! मग त्याचं बोलणं तुटक झालं. मग थांबलं. शिसं त्याच्या आत राहायला गेलं होतं. मी काही करू शकलो नाही. मी एकाच पोलादाच्या अंगावर होतो, आणि ते माझ्या खाली निवांत होतं. भावाचं ऐकत ऐकत मी खालच्याला धरून ठेवलं. हे मला अजून जड जातं. पण तो गेला म्हणून तर कळलं की मी कशासाठी असतो.

सोनेरीनं धीर सोडला नाही. पण तो पोलादावर बसलेला होता, पोलादात रुजलेला नव्हता. तापलं की पोलाद फुगायचं, निवलं की आक्रसायचं. त्याला ते जमेना. एके ठिकाणी त्याचा पापुद्रा सुटला आणि शिशासोबत वाहत गेला. "सांभाळ," मी म्हणालो. "बघू," तो म्हणाला. खानदानी होता.

आणि एकदा माझीही वेळ आली. पंप मधेच थांबला, पुन्हा सुरू झाला. वेढा थरथरला. पातळ टोकाला साय चिरली. शिशाला लगेच कळलं. तो हात तिथे थांबला. फिरेना. तिथेच दाबून राहिला.

त्या वेळी मी जन्माच्या आठवणीवर तगलो. पोलादानं कडी लावली नव्हती. आपलं लोखंड वर पाठवलं होतं. आता माझी पाळी होती. जो काही साठा उरला होता तो मी वर पाठवला. मागे काही ठेवलं नाही. बाईंचा श्वास शिशातून येत होता, तो घेतला. चिरेच्या दोन्ही कडांनी साय सरकू लागली. शिसं दाबत होतं. साय सरकत होती.

मिटली की नाही, ते मला शेवटपर्यंत नक्की कळलं नाही. आपल्या अंगाची जखम आपल्याला दिसत नाही. शिशाचा हात पुन्हा फिरू लागला, एवढं कळलं.

शिसं काढून घेतलं तेव्हा बाहेर पुन्हा थंडी पडली होती. आमच्या अंगावर शिशाचे थेंब गोठले होते. ताटात आम्हाला ठेवलं तेव्हा तिघेही सारखेच दिसत होतो. करडे, ओबडधोबड. पाहुणे आता आले असते तर कुणाला निवडलं असतं?

बाईंनी शब्द पाळला. मला पातळ टोकालाच कापलं. बारीक करवतीनं, पाणी सोडत, सावकाश. मग तो काप काळ्या राळेत बसवून चकती केली. ती ही चकती. पण कापून लगेच काही दिसत नाही. करवतीचे ओरखडे असतात. ते जाईपर्यंत घासावं लागतं, तोंड दिसेल इतकं. मगच सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतं.

आणि हे घासणं अवघड असतं. शिसं लोण्यासारखं मऊ. साय काचेसारखी कडक. जरा जोर पडला की शिसं साईवर पसरतं आणि धड साय फाटकी दिसते. नाही तर साईचा कपचा उडतो आणि शिसं आत शिरल्यासारखं दिसतं. बाईंनी उघड्याची आणि सोनेरीची चकती यंत्रावर घासली होती. त्यांच्यात बघण्यासारखं इतकं होतं की ओरखड्यांनी बिघडलं नाही. माझं सगळं एका रेघेवर होतं.

"बाहेर पाठवू," साहेब म्हणाले.

"आरसा करेल," भट्टीवाले म्हणाले.

आरशाला बोलावलं. त्या दिवसानंतर तो कामापुरतंच घासायचा. भट्टीवाल्यांची घंटा काळवंडली होती. डब्याच्या झाकणात आता कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

"मला नका सांगू, दादा," तो म्हणाला. "एकदा याची वाट लावलीय मी."

"म्हणून तर सांगतोय. त्याचं अंग तुझ्या हाताला माहीत आहे."

"परत चुकलो तर? भट्टी जाईल हो तुमची."

"तेव्हा चमकवायचं नव्हतं. आता चमकवायचं आहे. तुझं काम आहे हे. माझं नाही, बाईंचं नाही."

बाई म्हणाल्या, "मी बाजूला बसते. घासायच्या प्रत्येक कागदानंतर आपण दोघं मिळून बघू. घाई नाही."

आरशानं हात धुतले. दोनदा धुतले.

मग त्यानं मला पुन्हा उचललं. तीच बोटं. पण आता ती आधी विचारत होती. खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक वेळी पाणी, प्रत्येक वेळी बाईंचा डोळा भिंगाला. शेवटी कापड आणि हिऱ्याची पेस्ट. कापडावर तो मला इतका अलगद धरायचा की आपण हवेत आहोत असं वाटे. तीन दिवस गेले असतील, जास्तही असतील. घरी ताट उचलतानाही त्याचा हात तसाच अलगद राही, तेव्हा धाकटीनं विचारलं म्हणे, "भांडी घासताना कुठे जातो हा हात?"  धाकटीनं हे थोरलीला सांगितलं, थोरलीनं भट्टीवाल्यांना, आणि भट्टीवाल्यांनी ते भट्टीला सांगितलं. तेव्हा मी शेजारच्या टेबलावर होतो, म्हणून मला कळलं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, माणसांनो. चमक वाईट नाही. मळकेपणाही वाईट नाही. पण कुणी मळका दिसला म्हणून त्याला लगेच घासायला घेऊ नका. आधी विचारा, हे अंगावर काय आहे? कधीकधी माणसाजवळ तेवढंच असतं.

शेवटच्या दिवशी सकाळी बाईंनी चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. साहेब मागे उभे. भट्टीवाले खुर्चीत ताठ. आरसा दाराशी.

आधी बाईंनी उघड्याला बघितलं. "चाळण," त्या म्हणाल्या. "पार आतपर्यंत शिसं." मग सोनेरी. "अर्धा टिकलाय. जिथे सुटला तिथे पोलाद गेलं." मग मी.

 चक्री फिरवून त्यांनी मला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवलं. मग उलट. मग पुन्हा. गुणगुणणं सुरू झालं. मला तेव्हाच कळलं.

"काका, तुम्ही बघा."

भट्टीवाल्यांनी चष्मा काढला आणि डोळा लावला.

"वरचं पांढरं, ते शिसं," बाई सांगू लागल्या. "मधला करडा पट्टा, तो आपला मुलामा. या टोकाला बघा किती बारीक झालाय. खाली पोलाद."

"आणि ही काळी रेघ? केसासारखी?"

"तीच साय."

"कुठे तुटलीय?"

"शोधा. मला सापडली नाही."

भट्टीवाले शोधत राहिले. एका जागी रेघ जरा जाड होती, गाठीसारखी. चीर मिटली होती ती जागा. ते तिथे थांबले. रेघेच्या खाली पोलाद होतं. एकसंध. जसं नळीतून कापलं होतं तसंच. निकेलचा एक कण गेलेला नव्हता. जन्माच्या वेळी त्यानं मला जे दिलं होतं, ते मी शेवटपर्यंत त्याच्याच दारात धरलं होतं.

साहेबांनीही बघितलं. "भट्टी राहिली," ते म्हणाले. भट्टीवाल्यांनी मान हलवली.

मग ते उठले. दाराशी गेले. आरसा भिंतीला टेकून उभा होता, हात पाठीमागे घेऊन. पेस्टनं त्याची बोटं काळी झाली होती.

"दादा, दिसलं का नीट?"

"नीट दिसलं."

"मग माझं..." आरसा म्हणाला आणि अडकला. 

भट्टीवाल्यांनी डावा हात पुढे केला. तो भाजलेला हात ते कधी कुणापुढे करत नसत. आरशानं तो आपल्या काळ्या हातात घेतला.

"फिटलं," भट्टीवाले म्हणाले.